जहाजावरची भूभौतिकी

समुद्राचा तळ आणि त्याखालचे खडक भौतिकशास्त्राच्या साधनांनी अभ्यासणारे शास्त्र म्हणजे सागरी भूभौतिकी. पाण्यात प्रकाश काहीशे मीटरांपुढे पोचत नाही, रेडिओलहरी तर लगेच विरतात. त्यामुळे ध्वनी, गुरुत्वाकर्षण आणि पृथ्वीचे चुंबकत्व यांवरच मुख्य भिस्त राहते. तिन्हींचे गणित वर्गात शिकता येते. पण यंत्रावर उमटलेल्या आकड्यात तळाचा वाटा किती आणि जहाजाचा, पाण्याचा किंवा सूर्याचा किती, हे ओळखण्याची सवय समुद्रावरच लागते. म्हणून या विषयाचे विद्यार्थी संशोधन जहाजावर जातात. युनेस्कोच्या सागरविज्ञान आयोगाच्या आधाराने १९९१ मध्ये सुरू झालेले ‘तरंगते विद्यापीठ’ हा याचा उत्तम नमुना. रशियन जहाजांवर अनेक देशांचे विद्यार्थी मुरलेल्या शास्त्रज्ञांबरोबर प्रत्यक्ष संशोधनात काम करत.

मोजणी रात्रंदिवस चालते, त्यामुळे पाळ्या लागतात. चार तास काम आणि आठ तास सुटी ही जुनी रीत. नवख्याकडे आधी नोंदवही येते. वेळ, अक्षांश-रेखांश, वेग, दिशा, लाटांची स्थिती, यंत्रात केलेला प्रत्येक बदल त्यात लिहायचा. काम रटाळ असले तरी पुढच्या साऱ्या दुरुस्त्या याच नोंदींवर उभ्या राहतात.

खोली मोजणे सर्वांत सोपे वाटते. ध्वनी पाण्यात सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. ३००० मीटर खोल तळावरून प्रतिध्वनी चार सेकंदांत परततो. मल्टिबीम सोनार मात्र पंख्यासारखे पसरलेले अनेक झोत सोडतो. तिरपे झोत वेगवेगळ्या तापमानाच्या आणि खारटपणाच्या थरांतून वळत जातात. ध्वनीचा वेग चुकीचा धरला, तर सपाट तळही कडांना उचललेला किंवा झुकलेला दिसतो. म्हणून अधूनमधून पाण्यात उपकरण सोडून हा वेग खोलीनुसार तपासावा लागतो.

गुरुत्वाकर्षणाची मोजणी याहून नाजूक. जहाज पूर्वेकडे निघाले की त्याचा वेग पृथ्वीच्या फिरण्यात मिळतो आणि जहाजावरची प्रत्येक वस्तू किंचित हलकी होते. विषुववृत्ताजवळ दहा नॉट वेगाला हा फरक सुमारे ७५ मिलिगॅल भरतो. तळाखालच्या रचनेमुळे पडणारा फरक अनेकदा याहून कमी असतो. जहाज वळत असतानाच्या नोंदी का वगळतात, ते या एका आकड्यावरून समजते.

जहाज पोलादाचे, त्यामुळे चुंबकमापक त्याच्या मागे दोन-तीनशे मीटर लांब तारेने ओढत नेतात. तरीही सूर्यामुळे चुंबकत्वात दिवसभर होणारा चढउतार नोंदीत मिसळतोच. तो वजा करायला किनाऱ्यावरच्या वेधशाळेची नोंद लागते. अलिबागला अशी वेधशाळा १९०४ पासून आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येऊन नोंदी बिघडणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचे चुंबकीय मोजणीचे काम तिकडे हलवले गेले.

एवढी काटेकोर मेहनत कशासाठी, याचे उत्तर अरबी समुद्राच्या बाजूच्या कार्ल्सबर्ग पर्वतरांगेवर मिळाले. १९६२ मध्ये ‘ओवेन’ या ब्रिटिश जहाजावरून ड्रमंड मॅथ्यूज यांनी तिथे चुंबकीय मोजणी केली. केंब्रिजमध्ये त्यांचे विद्यार्थी फ्रेड व्हाइन यांनी त्या नोंदींचा अर्थ लावायला घेतला. तळावर सुलट-उलट चुंबकत्वाचे पट्टे आहेत, नवा तळ तयार होताना पृथ्वीच्या चुंबकत्वाची तेव्हाची दिशा खडकात गोठते, असे दोघांनी १९६३ मध्ये मांडले. समुद्रतळ पसरतो या कल्पनेला त्यातून भक्कम आधार मिळाला.

तळाखालचे थर पाहण्यासाठी एअरगनमधून दाबलेली हवा सोडतात आणि जहाजामागच्या लांब केबलमधले हायड्रोफोन परतणारा आवाज टिपतात. त्यातून उभा छेद मिळतो. त्याचा उभा अक्ष वेळेचा असतो, खोलीचा नव्हे; नवख्यांची गफलत बहुधा इथेच होते. छेदावरचे अनुमान पडताळायला तळात पोकळ नळी घुसवून गाळाचा कोअर काढतात. जागा निवडताना विद्यार्थ्यांनाही आपले म्हणणे पुराव्यानिशी मांडावे लागते. १९९९ मध्ये ‘तरंगते विद्यापीठ’ स्पेनजवळच्या कादिझच्या आखातात होते. सोनारच्या चित्रांत दिसलेले गोल उंचवटे चिखलाचे ज्वालामुखी असावेत, असा अंदाज होता. कोअरमध्ये दगडांचे तुकडे मिसळलेला चिखल आला, एका ठिकाणी मिथेन कोंडलेले बर्फासारखे स्फटिकही सापडले आणि अंदाज खरा ठरला.