सौर विजेची वाटणी : बॅटरीला किती, ग्रिडला किती?

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत 1954 साली सिलिकनचा पहिला उपयुक्त सौरघट तयार झाला, तेव्हा त्यावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशापैकी जेमतेम 6 टक्के शक्तीची वीज होत असे. आजच्या चांगल्या सौर पॅनेलांत हे प्रमाण 20 टक्क्यांच्या पुढे गेले आहे. दिल्ली, गुरुग्राम, नोएडा येथील गच्च्यांवर अशी पॅनेले आता सहज दृष्टीस पडतात. गुरुग्रामजवळ ग्वाल पहाडी येथे 1982 मध्ये स्थापन झालेले सौर ऊर्जा केंद्र आज राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्था म्हणून ओळखले जाते. या साधनांच्या चाचण्या तेथे होतात.

परंतु वीज निर्माण झाली म्हणजे प्रश्न संपला असे नाही. भर दुपारी घराच्या गरजेहून अधिक वीज मिळते आणि दिवे लावण्याच्या वेळी पॅनेल निष्क्रिय असते. दुपारची शिल्लक एक तर बॅटरीत साठवावी लागते, नाही तर शहराच्या वीजजाळ्यात, म्हणजे ग्रिडमध्ये, सोडावी लागते. हे दोन्ही उपाय एकाच वेळी कसे योजतात, ते एका उदाहरणाने पाहू.

समजा, एका गच्चीवर 1 किलोवॅटचा सौरसंच आहे. उन्हाळ्यातील दुपारी उष्णता व धूळ यांमुळे त्यातून 700 वॅट मिळतात. घरातील पंखे व शीतकपाट 200 वॅट घेतात, उरले 500. घरात 12 व्होल्टची, 150 अँपिअर-तास क्षमतेची शिसे-आम्ल बॅटरी आहे. तिच्यात क्षमतेच्या सुमारे दहाव्या भागाइतका, म्हणजे 15 अँपिअर प्रवाह सोडणे हितकर असते. 14 व्होल्ट दाबाने हे 210 वॅट झाले. रूपांतरातील घट सोडून दिली, तर राहिलेले 290 वॅट ग्रिडकडे जातात.

ही वाटणी स्थिर राहत नाही. बॅटरी भरत आली की तिचा दाब 14.4 व्होल्टच्या आसपास पोहोचतो. नियंत्रक तो दाब तेथेच रोखून धरतो व बॅटरीत शिरणारा प्रवाह उत्तरोत्तर घटत जातो. तो 5 अँपिअरवर आला म्हणजे बॅटरीचा वाटा 72 वॅट आणि ग्रिडचा 428 वॅट होतो. रांजण काठाशी आला की धार बारीक करावी आणि उरलेले पाणी पाटाला सोडावे, तसाच हा प्रकार. हा पाट नसेल, तर शिल्लक वीज पॅनेलातून घेतलीच जात नाही. ती शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते.

मग सारी शिल्लक ग्रिडलाच का देऊ नये? दिल्ली विद्युत नियामक आयोगाने 2014 मध्ये नेट मीटरिंगचे नियम केले. त्यांनुसार ग्रिडला दिलेली युनिटे घेतलेल्या युनिटांतून वजा होतात. बॅटरीत मात्र 100 भाग शक्ती घातली, तर 80 भागांच्या आसपासच परत मिळते. शिवाय काही वर्षांनी बॅटरी बदलावी लागते. केवळ पैशाच्या हिशेबाने ग्रिडच सरस ठरते.

तथापि, 30 व 31 जुलै 2012 या दिवशी काय घडले ते विसरता येत नाही. उत्तर भारताचे वीजजाळे लागोपाठ दोनदा कोलमडले. दिल्लीची मेट्रो थांबली. दुसऱ्या दिवशी 60 कोटींहून अधिक लोकसंख्येच्या प्रदेशाला त्याची झळ लागली. अशा वेळी केवळ ग्रिडशी जोडलेला सौरसंच लख्ख उन्हातही बंद पडतो. हे त्याचे वैगुण्य नव्हे, ती दक्षता आहे. तारांत वीज नाही असे समजून खांबावर चढलेल्या कामगाराचा, एखाद्या गच्चीवरून आलेल्या विजेने प्राण जाऊ नये, म्हणून ही योजना केलेली असते. योग्य जोडणीचा बॅटरीयुक्त संच मात्र ग्रिडपासून अलग होऊन घरातील मोजकी उपकरणे चालवू शकतो. वरील बॅटरीतील निम्मी शक्तीच वापरली, तरी 60 वॅटचा एक पंखा व 10 वॅटचे दोन दिवे सुमारे नऊ तास चालतील.

यावरून वाटणीचे सूत्र निघते : अडचणीच्या रात्रीला पुरेल एवढी बॅटरी आधी भरावी, बाकीची वीज ग्रिडला द्यावी. जानेवारीच्या धुक्यात बॅटरीला अग्रक्रम द्यावा. उन्हाळ्यात ती लवकर भरते, तेव्हा ग्रिडचा वाटा आपोआप वाढतो. दिल्लीतील रोहिणी येथे 2019 मध्ये 10 मेगावॅटचा बॅटरीसंच ग्रिडलाच जोडण्यात आला. वीज विपुल असताना साठवावी आणि मागणी वाढताच परत द्यावी, हे त्याचे कार्य होय. गच्चीवरील लहान संच आणि हा प्रचंड संच यांत आकाराचा भेद आहे. तत्त्व एकच आहे.