न्हाणीघरांतील पंखा

पंखा गरगर फिरतो, आवाजहि करतो. तरी स्नानानंतर आरशावरील वाफ हटत नाहीं व तक्तपोशीला बुरशी येते. आमच्या घरीं असेंच झालें, आणि आम्ही मोठा पंखा आणण्याच्या बेतांत होतों. तत्पूर्वी चालू पंख्याच्या जाळीशीं पातळ कागद धरून पाहिला. तो गळून पडला. दार दोन बोटें उघडतांच मात्र तोच कागद जाळीला चिकटला! हवा आंत यावयास वाटच नसेल, तर पंख्यानें बाहेर टाकावें तरी काय? सुताराकडून दाराखालीं पाऊण इंच फट करविली.

तरीहि ओढ मंदच. मग मुख्य बटण बंद करून तक्तपोशीवरील नळी पाहिली. ती मध्यें झोळीसारखी लोंबली होती व तींत निवलेल्या वाफेचें पाणी सांचलें होतें. शिवाय पंख्याचें तोंड ४ इंची, तर नळी ३ इंची! फरक क्षुल्लक वाटतो. परंतु वाट १६ भागांवरून ९ भागांवर येते, हें भूमितीच्या विद्यार्थ्यांनीं पडताळावें. आम्हीं ४ इंची, ताठ व आंखूड नळी बसविली. कौलांवरील टोपींत चिमणीचें घरटें होतें. तें रिकामें असल्याची खात्री करून काढलें. जुनाच पंखा आतां उत्तम ओढतो.

पालकांस एक विनंती. न्हाणीघरांत गॅसचा गीझर असेल, तर पंख्यावर विसंबूं नये. बंद खोलींत पंखा त्याचा धूर उलट आंत ओढूं शकतो. त्यांतील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वास नाहीं, आणि त्यानें प्राण जातो. असा गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेंतच बसवावा.