मोहर्लीतल्या खोलीला किती स्पीकर?
ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या मोहर्ली गेटजवळच्या घरात किंवा होमस्टेत गाणी नि सिनेमा दोन्हींसाठी एकच संच घ्यायचा, तर स्पीकर मोजण्याआधी खोली पाहावी. टाइल्सची फरशी, उघड्या भिंती, वर टिनाचं छत असेल तर आवाज आदळून परततो आणि संवादातली व्यंजनं पुसट होतात. दुकानात मात्र ५.१ चा संच पुढे केला जातो. ठरलेल्या पैशांत पाच स्पीकर नि एक सबवूफर बसवायचा म्हटलं की प्रत्येक पेटी हलकीच येणार. गाणी बहुतेक दोनच वाहिन्यांत असतात; सिनेमातल्या संवादांनाही आधी स्वच्छ मधले स्वर लागतात. म्हणून दोनच चांगले स्पीकर घ्यावेत, ऐकणाऱ्याशी समभुज त्रिकोण साधून ठेवावेत, खाली सतरंजी अंथरावी, भिंतीला जाड पडदा लावावा.

दोनच स्पीकर असले की बाजूला बसणाऱ्याला संवाद सिनेमाच्या पडद्यातून आल्यासारखे वाटत नाहीत, हा आक्षेप खरा आहे. रोज चार-सहा माणसं बसणार असतील, तर एव्ही रिसीव्हर घेऊन मधला स्पीकर नंतर जोडावा, तोही आधीच्या दोन स्पीकरच्याच मालिकेतला. सबवूफरची घाई नको. ४० हर्ट्झची लहर साधारण साडेआठ मीटर लांब. भिंत तिला फारशी अडवत नाही, आणि पलीकडे पहाटेच्या सफारीसाठी लवकर झोपलेला पाहुणा असतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबल आहे. खरेदीला जाताना ओळखीचं एक गाणं नि संवादाचा एक प्रसंग सोबत न्या, आणि दोन्ही हळू आवाजात ऐकून मगच पैसे मोजा.