परिचारिकेचे ओझे कशाने मोजावे?

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या शाळेत आरोग्य-तपासणीचे पथक आले होते. सकाळपासून व्हरांड्यात मुलांची रांग लागली होती. पथकातील परिचारिका एकीकडे वजन पाहत होती, दुसरीकडे उंची नोंदवीत होती, मधूनच एखाद्या भेदरलेल्या मुलाची समजूत काढीत होती. सायंकाळी तिने नोंदवहीत लिहिले, ‘तपासलेली मुले : २१२’. मी खाली सही केली आणि काम पार पडले असे समजून निश्चिंत झालो.

तीन महिन्यांनी वर्गशिक्षिकेने सहावीतील एका मुलीला माझ्यापुढे आणले. फळ्यावरचे अंक ती सारखी चुकीचे उतरवून घेत होती. मी टेबलाचा खण उघडला. पथकाने दिलेल्या चिठ्ठ्यांत तिचीही चिठ्ठी होती : ‘डोळे तपासण्यासाठी रुग्णालयात पाठवावे.’ ती चिठ्ठी तिच्या घरी पोहोचलीच नव्हती. दोष माझाच होता. परंतु एक विचारही मनात आला. २१२ हा आकडा खरा होता; मुलीला चष्मा मिळेपर्यंतचे काम मात्र कोणाच्याच हिशेबात नव्हते.

आपल्या बडोद्याला या विषयात अभिमानाचे स्थान आहे. हिंदुस्थानात शाळकरी मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी १९०९ साली याच शहरात झाली. पण पुढे देशभर काय घडले? शालेय आरोग्यसेवा जवळजवळ अस्तित्वातच नाही, असे १९४६ साली भोर समितीला नमूद करावे लागले.

तपासणी म्हणजे सेवा नव्हे, हा धडा न्यूयॉर्क शहराने त्याआधीच गिरवला होता. तेथे डॉक्टर मुलांना तपासत आणि संसर्गजन्य विकार आढळला की घरी पाठवीत. घरी गेलेल्या मुलाचे पुढे काय होते, हे पाहणारे कोणी नव्हते. १९०२ साली लिलियन वाल्ड यांच्या पुढाकाराने लिना रॉजर्स ही परिचारिका चार शाळांसाठी नेमली गेली. ती मुलांच्या घरी जाई, आईला औषध लावण्याची रीत दाखवी. लवकरच तिच्या जोडीला आणखी परिचारिका आल्या. सप्टेंबर १९०२ मध्ये १०,५६७ मुलांना शाळेबाहेर ठेवावे लागले होते. पुढील सप्टेंबरात ती संख्या १,१०१ वर आली. हे यश तपासणीचे नव्हे, पाठपुराव्याचे होय.

अमेरिकेत पुढे ७५० निरोगी मुलांमागे एक परिचारिका असे प्रमाण सुचवले गेले. रोज शुश्रूषा लागणाऱ्या मुलांसाठी ते २२५ मागे एक, तर गुंतागुंतीच्या प्रकृतीच्या मुलांसाठी १२५ मागे एक असे होते. मात्र नुसती डोकी मोजून भागत नाही, मुलांच्या गरजा व घरची परिस्थितीही पाहिली पाहिजे, असे तेथील शालेय परिचारिकांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१५ साली मांडले. ते पटण्यासारखे आहे. दुपारी इन्सुलिन घ्यावे लागणारे एक मूल आणि धडधाकट दहा मुले यांचा भार सारखा कसा असेल?

आपल्याकडे २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या फिरत्या पथकात दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका असते. शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा जावे, अशी योजना आहे. एवढ्या धावपळीत एकेका मुलाच्या घरापर्यंत पोहोचणे त्या परिचारिकेला कसे शक्य व्हावे?

म्हणून यंदा आम्ही दोन साध्या गोष्टी केल्या. पथक येण्यापूर्वी वजन आणि उंची वर्गशिक्षकांनीच घेऊन ठेवली, त्यामुळे परिचारिकेचा वेळ खऱ्या शुश्रूषेसाठी मोकळा झाला. आणि नोंदवहीत ‘तपासलेली मुले’ यापुढे तीन रकाने वाढवले : चिठ्ठी घरी पोहोचली, मूल रुग्णालयात गेले, उपचार झाले. शेवटचा रकाना भरल्याशिवाय मी सही करीत नाही.

पालकांनाही एक विनंती. मुलाच्या दप्तरात अशी चिठ्ठी आढळली, तर ती बाजूला ठेवू नका. परिचारिकेचे निम्मे काम तुमच्या उंबऱ्यावर येऊन थांबलेले असते.

ती मुलगी आता पहिल्या बाकावर बसत नाही. चष्मा लावून मागच्या बाकावरून फळा वाचते. २१२ पैकी एक काम पुरे झाले, एवढेच आज खात्रीने म्हणता येते.