विश्लेषण : १०० चाचण्या ‘पास’, तरी विधान खोटे, असे कसे?

‘यादी उलटी केली तरी ती तशीच राहते’ हे विधान शाळकरी मूलही खोडून काढेल. १, २, ३ उलटे केले की ३, २, १ होतात. मात्र हास्केल या प्रोग्रॅमिंग भाषेत हेच विधान क्विकचेक या साधनाला तपासायला दिले, तर कधीकधी ‘१०० चाचण्या पास’ असे उत्तर येते. साधन बिघडलेले नसते. मग चूक कुठे होते?

क्विकचेक काय करते?

स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठातील कोएन क्लासेन आणि जॉन ह्यूज यांनी २००० मध्ये हे साधन मांडले. एरवी प्रोग्रॅमर एकेक उदाहरण आणि त्याचे अपेक्षित उत्तर लिहून चाचणी घेतो. येथे तो फक्त गुणधर्म लिहितो. उदाहरणार्थ, यादी दोनदा उलटी केली की मूळ यादी मिळते. साधन स्वतःच वेगवेगळ्या याद्या तयार करते, सहसा १००, आणि गुणधर्म कुठे मोडतो का ते पाहते.

मग घोळ कशामुळे?

यादी उलटी करणारे फंक्शन पॉलिमॉर्फिक, म्हणजे बहुरूपी असते. यादीत आकडे आहेत की नावे, याच्याशी त्याला देणेघेणे नसते. चाचणीसाठी मात्र कोणता तरी एक प्रकार ठरवावाच लागतो. प्रोग्रॅमरने तो सांगितला नाही, तर हास्केलचा जीएचसीआय हा इंटरप्रिटर ‘युनिट’ हा प्रकार धरून चालतो. या प्रकारात मूल्य एकच. सगळी पाकिटे कोरी असतील, तर गठ्ठा उलटा केला काय नि सुलटा काय, फरक दिसणार कसा?

उपाय काय?

प्रकार स्पष्ट सांगणे. यादी पूर्णांकांची आहे एवढे लिहिले, की खोटे विधान लगेच उघडे पडते.

प्रत्येक प्रकारासाठी वेगळी चाचणी हवी का?

नाही. फंक्शन पाकीट उघडतच नसेल, तर ते फक्त पाकिटांची जागा बदलू शकते, काही गाळू शकते किंवा पुन्हा वापरू शकते. फंक्शनच्या प्रकारावरूनच असे नियम निघतात, हे फिलिप वॉडलर यांनी १९८९ मध्ये दाखवले. त्याच आधारे २०१० मध्ये बर्नार्डी, यान्सन आणि क्लासेन यांनी चाचणीसाठी नेमका प्रकार निवडण्याची पद्धत मांडली. यादी घेऊन यादीच देणारी दोन बहुरूपी फंक्शने सारखी आहेत का, हे पाहायचे असेल, तर पाच घटकांसाठी १ ते ५ ही एकच यादी पुरते. तिच्यावर उत्तरे जुळली, तर पाच घटकांच्या कोणत्याही यादीवर जुळतात.

मर्यादा कोणती?

चढत्या क्रमाने लावणारे फंक्शन घटकांची तुलना करते, म्हणजे पाकिटात डोकावते. तेथे ही सवलत जशीच्या तशी लागू होत नाही. शिवाय याद्यांच्या लांबीला अंत नाही, त्यामुळे चाचणी म्हणजे सिद्धता नव्हे. म्हणून ‘१०० पास’ वाचून निर्धास्त होण्याआधी, त्या १०० चाचण्या कशावर झाल्या, हे पाहिलेले बरे.