घरचे बांधकाम आणि मुलांचा हात

पावसाळा सरला व दिवाळीची सुट्टी लागली की खेड्यातील घरोघरी काही ना काही बांधकाम निघते. कोठे ओट्याची ढासळलेली कड नीट करावयाची असते, तर कोठे कोंबड्यांसाठी खुराडे घालावयाचे असते. घरातील सात-आठ वर्षांचे मूल अशा वेळी मध्येमध्ये लुडबुडते व मोठी माणसे त्यास हाकलून देतात. सुट्टीनंतर तेच मूल फळ्यावरील मापांच्या उदाहरणांपुढे गप्प उभे राहते, ह्यात नवल नाही.

खुराड्याचेच काम घेऊन पाहावे. कच्च्या विटांच्या मातीत भुसा का घालतात? नुसती माती वाळताना आकसते व तिला तडे जातात. भुसा तिला धरून ठेवतो. हे सांगत बसण्यापेक्षा मुलाकडून दोन लहान विटा थापून घ्याव्यात, एक भुशाची व एक नुसत्या मातीची. त्या वाळल्यावर उत्तर तेच शोधून आणील. पुढे पाया आखावयाचा. गुण्या नसला तरी अडत नाही. सुतळीचे 12 सारखे भाग पाडून टोके जोडावीत आणि 3, 4 व 5 भागांच्या बाजूंचा त्रिकोण ताणून धरावा. 3 व 4 ह्या बाजूंमधील कोपरा काटकोन होय. ह्यास तीन माणसे लागतात. धाकट्याचा हात येथे खरोखरच हवा असतो, आणि ते त्याला कळते.

एक चूक मात्र घरोघर होते. मुलाने बसविलेली वीट वाकडी दिसली की वडील मुकाट्याने ती काढून पुन्हा बसवितात. मूल ते पाहते आणि दुसऱ्या दिवशी बोलाविले तरी येत नाही. दोऱ्यास दगड बांधून केलेला ओळंबा त्याच्याच हाती द्यावा. वीट कोठे बाहेर आली आहे हे दोराच दाखवितो. कोणास बोलावे लागत नाही.

चुना विरविणे, ओले सिमेंट हाताळणे व छपरावर चढणे ही कामे मुलांस मुळीच देऊ नयेत. विरताना चुना उकळतो व उडालेला थेंब डोळा घालवू शकतो. सिमेंटने कातडी भाजते. शिवाय ‘गुरुजींनीच सांगितले’ म्हणून मुलास शाळेतून घरी ठेवणारे पालकही निघतील. त्यांना पालकसभेत स्पष्ट सांगावे की, 1986 च्या बालकामगार कायद्यात 2016 साली झालेल्या दुरुस्तीनुसार 14 वर्षांखालील मुलास कामावर ठेवता येत नाही. कुटुंबाच्या कामात, तेही धोक्याचे नसेल तर, शाळेच्या वेळेनंतर अथवा सुट्टीत मदत तेवढी करता येते.

सुट्टीनंतर वह्या तपासण्यापूर्वी शिक्षकांनी घरी काय बांधले ते विचारावे. खुराड्याच्या भिंतीला विटा किती लागल्या? एखादे मूल बोटे मोडीत एकेक वीट आठवील. दुसरे म्हणेल, ‘‘एका थरात नऊ, असे सहा थर, चोपन्न.’’ नवाचा पाढा त्यास अजून पाठ नसेलही.