गहाण पडलेले बालपण : नाशिक जिल्ह्यातील बालवेठ, तिचे निवारण आणि प्रतिबंध

१

बालकांच्या शोषणाचा विचार करताना आपल्या डोळ्यांपुढे बहुधा दोन चित्रे उभी राहतात. एक पळवून नेलेल्या मुलाचे, आणि दुसरे कारखान्यात अथवा उपाहारगृहात राबणाऱ्या मुलाचे. पहिल्या चित्रात अपराधी परका असतो. दुसऱ्यात शोषणाचे स्थळ निश्चित असते. आपले कायदे, आपली तपासणीयंत्रणा आणि आपली सहानुभूतीही पुष्कळ अंशी याच दोन चित्रांच्या आधारे घडलेली आहे. परंतु या दोहोंपैकी कशातही न बसणारा एक प्रकार २०२२ साली नाशिक जिल्ह्यातच उघडकीस आला. प्रस्तुत विवेचन त्याच्याच अनुरोधाने केले आहे.

त्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबर महिन्यांत इगतपुरी तालुक्यातील एका कातकरी वस्तीतील सुमारे दहा वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला. तत्कालीन अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील मेंढपाळाकडे ती कामाला ठेवली गेली होती, आणि अत्यवस्थ अवस्थेत तिला घराकडे परत आणून सोडण्यात आले होते. श्रमजीवी संघटनेने हे प्रकरण लावून धरले. तेव्हा ही एकटीच मुलगी नसून याच जमातीची आणखी अनेक मुले थोडी रोख रक्कम व एखादी मेंढी यांच्या मोबदल्यात अशाच रीतीने दिली गेली होती असे दिसून आले. गुन्हे नोंदले गेले, कित्येक मुलांची सुटका झाली, आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने स्वतः होऊन या प्रकाराची दखल घेतली. त्या मुलीचे व तिच्या गावाचे नाव येथे हेतुपुरस्सर दिलेले नाही. २०१५ च्या बालन्याय अधिनियमाचे ७४ वे कलम पीडित बालकाची ओळख प्रकट करण्यास मनाई करते, आणि विद्यापीठीय लेखनानेही हे बंधन पाळणे उचित होय.

अभ्यासकापुढे प्रश्न असा उभा राहतो की, ही मुले महिनोन्‌महिने, काही तर त्याहूनही अधिक काळ, घरी व शाळेत नव्हती; असे असता मृत्यू घडेपर्यंत ही गोष्ट कोणत्याच शासकीय नोंदीत का उमटली नाही? या प्रश्नाच्या उत्तरातच प्रतिबंधाचा मार्ग दडलेला आहे असे आम्हांस वाटते.

२

प्रथम व्यवहाराचे स्वरूप पाहू. कातकरी ही महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित गणलेल्या तीन आदिवासी जमातींपैकी एक. कोलाम आणि माडिया गोंड या अन्य दोन. खैराच्या लाकडापासून कात काढण्याच्या व्यवसायावरून तिला हे नाव पडले. जंगलावरचा तो हक्क गेला, कोळसा पाडण्याचे कामही संपले, आणि बहुसंख्य कुटुंबे भूमिहीन मजूर बनली. पावसाळ्यात भाताच्या लावणीचे काम मिळते. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. या दोन हंगामांच्या मध्ये जी पोकळी राहते ती कर्जाने भरून निघते. भट्टीमालकाकडून घेतलेला बयाणा, किराणा दुकानातील उधारी, आजारपणात वा लग्नात घेतलेली उचल, हे सर्व ‘अंगावर घेतलेले पैसे’ होत. ते फेडण्यासाठी कुटुंबाजवळ अंगमेहनतीवाचून दुसरे तारण नसते.

दुसऱ्या बाजूस मेंढपाळाचे जीवन पाहावे. पूर्वेकडील अवर्षणप्रवण तालुक्यांतील मेंढपाळ पावसाळा सरल्यावर चाऱ्यासाठी पश्चिमेकडे सरकत येतात. कळप मोठा असेल तर कोकरे सांभाळणे, मागे राहिलेली मेंढरे हाकणे, पाणी आणणे, वाघूर राखणे ही कामे सतत असतात. ही कामे लहान मुले करू शकतात. येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे : मेंढपाळ समाज हा स्वतः भटका व बव्हंशी गरीब समाज आहे, आणि थोड्या व्यक्तींच्या कृत्यांवरून साऱ्या समाजाला दोषी धरणे हे अशास्त्रीय तसेच अन्याय्य ठरेल. सांगावयाचे इतकेच की, एका बाजूस रोख पैशाची निकड, दुसऱ्या बाजूस स्वस्त व आज्ञाधारक श्रमाची गरज, आणि दोहोंची गाठ घालून देणारा मध्यस्थ, असा हा त्रिकोण आहे.

या व्यवहाराला ‘विक्री’ हा शब्द वृत्तपत्रांनी वापरला. खुद्द व्यवहार करणाऱ्यांच्या भाषेत मात्र मूल ‘कामाला ठेवलेले’ असते. हा शब्दभेद क्षुल्लक नव्हे. ठेवलेली वस्तू परत येते अशी कल्पना असते, म्हणून आईबाप तक्रार करीत नाहीत. पैसे घेतलेले असतात, म्हणून मूल परत मागण्याचे धैर्य त्यांना होत नाही. आणि घरच्यांनीच ठेवले आहे, म्हणून शेजारी, सरपंच वा शिक्षक त्यात पडत नाहीत. अशा रीतीने घरगुती व्यवस्थेच्या आवरणाखाली वेठ सुरक्षित राहते.

३

हा प्रकार कायद्याला अपरिचित आहे असे मुळीच नाही. भारतातील श्रमाविषयीच्या राजकीय आयोगाने १९३१ च्या अहवालात मुलांचे श्रम गहाण ठेवण्याच्या प्रथेकडे लक्ष वेधले, आणि १९३३ साली बालकांचे श्रम तारण ठेवण्याविरुद्धचा कायदा झाला. त्या कायद्याने असा करार निरर्थक ठरविला आणि तो करणाऱ्या पालकास ५० रुपयांपर्यंत व मालकास २०० रुपयांपर्यंत दंड ठेवला. दंडाचे हे आकडे पाहिले म्हणजे प्रश्नाचे निदान बरोबर असूनही उपचार किती दुबळा होता हे ध्यानात येते.

प्रौढांच्या वेठीविरुद्धचा लढा आपल्या शेजारच्या ठाणे जिल्ह्यात त्याच सुमारास आकार घेत होता. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी पतिपत्नींनी सावकाराकडे राबावयाचे, या ‘लग्नगडी’ पद्धतीविरुद्ध १९४५ साली शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी उठाव केला. वसई भागातील वेठबिगारांच्या प्रश्नातून १९८२ साली श्रमजीवी संघटना उभी राहिली. २०२२ च्या इगतपुरीच्या घटनेकडे या परंपरेच्या संदर्भात पाहिले पाहिजे. कर्जाच्या मोबदल्यात माणूस बांधून घेण्याची रीत नष्ट न होता, वाटाघाटीच्या दृष्टीने सर्वांत दुर्बळ अशा घटकाकडे, म्हणजे मुलाकडे, सरकली आहे.

आज उपलब्ध असलेली कायद्याची साधने पुष्कळ समर्थ आहेत. १९७६ च्या वेठबिगार पद्धती (उच्चाटन) अधिनियमाने वेठीच्या कर्जाची परतफेड करण्याचे दायित्वच नष्ट केले. अमुक कर्ज वेठीचे आहे असा दावा झाल्यास तसे ते नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या कायद्याच्या १५ व्या कलमाने धनकोवर टाकली आहे. बंधुआ मुक्ती मोर्चाच्या १९८४ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे प्रतिपादिले की, सक्तीचे श्रम दिसून आल्यास त्यामागे उचल वा तत्सम लाभ आहे असे गृहीत धरावे. १९८६ च्या बालकामगारविषयक कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीने, शाळेचे तास सांभाळून स्वतःच्या कुटुंबाच्या व्यवसायास मदत करणे यांसारखे मोजके अपवाद सोडता, चौदा वर्षांखालील मुलास कोणत्याही कामावर ठेवण्यास बंदी केली. बालन्याय अधिनियमाचे ७९ वे कलम बालकास वेठीला ठेवणे आणि ८१ वे कलम बालकाची खरेदी-विक्री करणे हे अपराध मानते. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीस वेठीला लावणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालीही गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या, १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या, १४३ व्या कलमात मानवी अपव्यापाराची व्याख्या आहे, आणि तीनुसार पीडिताच्या संमतीला काहीच महत्त्व नाही.

४

कायदे इतके असता मूल त्यांच्या जाळ्यातून निसटते कसे? याची तीन कारणे संभवतात.

पहिले कारण असे की, श्रमविषयक तपासणी ही स्थळावर आधारलेली आहे. निरीक्षक दुकानात, भट्टीवर वा कारखान्यात जातो. कळपाला पत्ता नसतो. आज एका शिवारात असलेला वाडा चार दिवसांनी दुसऱ्या तालुक्यात, कधी दुसऱ्या जिल्ह्यात असतो. त्यामुळे तो कोणाच्याच अधिकारक्षेत्रात पुरता येत नाही.

दुसरे कारण असे की, संकटग्रस्त बालकासाठी असलेली आपली साधने कोणीतरी हाक मारील या अपेक्षेवर उभी आहेत. १०९८ ही दूरध्वनी-सेवा १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका प्रकल्पातून सुरू झाली. २०२३ पासून ती शासनाच्या यंत्रणेकडे गेली असून ११२ या आणीबाणीच्या क्रमांकाशी जोडली गेली आहे. रेल्वेस्थानकावर वा शहरातील वस्तीत तिचा उपयोग निर्विवाद आहे. माळरानावर मेंढरांमागे फिरणाऱ्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाला मात्र दूरध्वनीही नसतो आणि त्याच्या वतीने हाक मारणारा शेजारीही नसतो.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. मूल नाहीसे झाल्याची खूण एकाच ठिकाणी उमटते, ती म्हणजे शाळेच्या हजेरीपटावर. आणि तेथे ती ‘गैरहजर’ किंवा ‘स्थलांतरित’ या शब्दाखाली बुजून जाते. कातकरी मुले पालकांबरोबर भट्टीवर जातात हे शिक्षकास ठाऊक असते. सबब, पालक वस्तीतच आहेत आणि मूल तेवढे नाही, ही विलक्षण गोष्टही नेहमीच्या स्थलांतरात गणली जाते. कुटुंबासह गेलेले मूल आणि एकटे गेलेले मूल यांतील भेद हजेरीपट सांगत नाही. आमच्या मते प्रतिबंधाची सारी मदार या भेदावर आहे.

५

निवारणाच्या बाबतीत दोन गोष्टींचा विवेक आवश्यक आहे. सुटका झालेले मूल चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर झाले पाहिजे. त्याच वेळी जिल्हा वा उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडून त्याचे मुक्तता प्रमाणपत्र मिळविणे हेही तितकेच निकडीचे असते. या कागदाअभावी वेठीचे कर्ज संपल्याचा पुरावा राहत नाही आणि पुनर्वसनाचा मार्गही खुंटतो. केंद्र शासनाच्या २०१६ च्या योजनेनुसार वेठमुक्त बालकास दोन लक्ष रुपयांचे साहाय्य अनुज्ञेय आहे. केवळ बालकामगार म्हणून नोंद झाल्यास हा हक्क उत्पन्न होत नाही. म्हणून प्रथम नोंद कोणत्या कायद्याखाली होते यावर त्या मुलाचे पुढील आयुष्य पुष्कळसे अवलंबून असते.

दुसरी गोष्ट पालकांविषयीची. कायद्याच्या शब्दाप्रमाणे मूल देणारा पालकही अपराधी ठरू शकतो. त्याचा दोष नाकारण्याचे कारण नाही. तथापि अशा प्रत्येक प्रकरणात आईबापांवर प्रथम खटला भरला, तर शेजारच्या ज्या झोपडीतील मूल असेच गेले आहे तेथील तोंडे कायमची बंद होतील, आणि जे मूल अजून कळपामागे आहे त्याची सुटका अशक्य होईल. १९७६ च्या कायद्याने पुराव्याचे ओझे धनकोवर टाकले, त्यामागे हेच शहाणपण आहे. तपासाचा रोख प्रथम धनको व मध्यस्थ यांजकडे असावा, आणि पालकाकडे साक्षीदार म्हणून पाहिले जावे, असे आमचे नम्र मत आहे. मुलास परत घरी पाठविताना घरावरील कर्जाची, शिधापत्रिकेची व जातीच्या दाखल्याची चौकशी झाली नाही, तर पुढील हंगामात तेच मूल किंवा त्याचे धाकटे भावंड पुन्हा जाईल, हे सांगावयास नको.

६

प्रतिबंधासाठी नवीन यंत्रणा निर्माण करण्याची गरज आहे असे वाटत नाही. १९७६ च्या कायद्याच्या १३ व्या कलमानुसार जिल्ह्यात व उपविभागात दक्षता समित्या असावयास हव्यात. गावपातळीवर ग्राम बालसंरक्षण समितीची तरतूद आहे. अंगणवाडी सेविका प्रत्येक घर ओळखते. आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलांच्या उपस्थितीवर लक्ष ठेवण्याचे कर्तव्य स्थानिक प्राधिकरणावर सोपविले आहे. उणीव आहे ती या साऱ्यांना एकच प्रश्न ठराविक वेळी विचारण्यास लावण्याची : ‘मूल कोठे आहे, आणि कोणाबरोबर?’

हा प्रश्न वर्षातून निदान दोनदा, लावणी संपल्यानंतर आणि दिवाळीनंतर, वस्तीवर जाऊन विचारला जावा. मूल पालकांबरोबर गेले असल्यास त्याला शिक्षण हमी पत्रक द्यावे, अथवा गावी ठेवावयाचे असल्यास हंगामी वसतिगृहाची सोय पाहावी. मूल एकटे गेले असल्यास ती गैरहजेरी न समजता बालकल्याण समितीकडे त्याच दिवशी कळवावी. याच्या जोडीला टंचाईच्या महिन्यांत रोजगार हमीचे काम व शिधा वेळेवर मिळाला, तर अंगावर पैसे घेण्याची निकडच कमी होईल. राज्याच्या आदिवासी विकास आयुक्तालयाचे मुख्यालय नाशिक शहरातच आहे, आणि इगतपुरी तेथून अवघ्या सुमारे ४५ किलोमीटरांवर. हे अंतर प्रशासनाच्या दृष्टीने मोठे म्हणता येणार नाही.

या कामी पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही वाव आहे. एखाद्या केंद्रातील पाच-सहा वस्तीशाळांचे हजेरीपट घेऊन ते लावणी, वीटभट्टी व मेंढपाळांच्या फिरतीच्या कालक्रमाशी ताडून पाहावेत, आणि पालक घरी असता गैरहजर असलेल्या मुलांची यादी वेगळी काढावी. असा अभ्यास अल्प खर्चाचा असून एका विद्यार्थ्यास एका वर्षात करता येण्याजोगा आहे. मात्र ती यादी प्रबंधाच्या परिशिष्टात छापावयाची नाही. ती हाती येताच बालकल्याण समितीकडे गेली पाहिजे. कारण तिच्यातील प्रत्येक नाव त्या क्षणी कोठल्या तरी माळावर असण्याचा संभव आहे.